पुस्तक हातातून सुटत नाही तेव्हा

राजापेठेत भाड्याच्या खोल्या घेऊन पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आधी धावणं, मग आंघोळ, मग अभ्यासिका. अशाच एका खोलीत गेल्या हिवाळ्यात एक वीस वर्षांचा मुलगा रात्रभर जागला. अभ्यासासाठी नव्हे. मित्राने दिलेलं ‘मृत्युंजय’ त्याने रात्री नऊला उघडलं होतं. थोडंसं वाचून झोपायचं ठरलं होतं. बारा वाजले, दोन वाजले, शेवटी साडेचारला डोळे मिटायला लागले तेव्हा पुस्तक उशाशी गेलं. सहाला खोलीतल्या जोडीदाराने हलवून उठवलं आणि चहाचा कप हातात दिला. हाताला एक झटका बसला आणि कप भिंतीवर जाऊन आदळला. आणखी दोन-तीन झटके आले. मग मुलगा ताठ झाला, खाली कोसळला आणि त्याचं सगळं अंग उडू लागलं.

(रुग्णाची ओळख लागू नये म्हणून अशा दोन-तीन हकिकती इथे एकत्र केल्या आहेत.)

दुपारपर्यंत दर्यापूरकडच्या गावाहून आई-वडील सरकारी दवाखान्यात पोहोचले. मुलगा तोवर शुद्धीवर होता. जीभ चावली गेली होती, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. आईने डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो असा : “रातभर पुस्तक वाचून रायला होता म्हनते याचा दोस्त. थ्या पुस्तकानं तं नाई झालं नं साहेब हे?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पुस्तकाने फिट आली नव्हती. पण पुस्तकाने जी रात्र खाल्ली, तिचा या फिटशी संबंध नक्की होता. म्हणून आधी हे पाहायला हवं, की एखादं पुस्तक माणसाला झोप विसरायला लावतं म्हणजे नेमकं काय करतं.

मराठी वाचकाला हा अनुभव नवा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि झुंजार, धनंजय, काळा पहाड यांच्यामागे दोन पिढ्या रात्री जागल्या. आई ओरडते म्हणून पांघरुणात टॉर्च लावून नारायण धारपांच्या भयकथा वाचणारे आज आजोबा झाले आहेत. रहस्यकथेचं गणित सोपं असतं : एक प्रश्न उघडा ठेवायचा आणि उत्तर पुढच्या पानावर ढकलायचं. मेंदूला उघडा प्रश्न सहन होत नाही. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने लोकांना छोटी छोटी कामं देऊन त्यातली काही मध्येच थांबवली. तिच्या निरीक्षणानुसार अर्धवट राहिलेली कामं लोकांच्या जास्त लक्षात राहिली. तिचीच सहकारी मारिया ओव्हसियांकिना हिने दुसरी गोष्ट पाहिली : कुणी सांगितलं नाही तरी लोक अर्धवट काम आपणहून पुन्हा हातात घेतात. पुढच्या काळातल्या प्रयोगांत स्मरणाचा दावा डळमळीत ठरला. काम पूर्ण करण्याची ओढ मात्र टिकून राहिली. ‘एवढं प्रकरण संपवतो आणि झोपतो’ या वाक्यामागे हीच ओढ असते. अडचण अशी की लेखक प्रकरण संपवतो तेच मुळी नवा प्रश्न उघडून.

‘मृत्युंजय’मध्ये तर रहस्य काहीच नाही. कर्णाचं काय होणार हे मराठी घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. तरीही १९६७ साली आलेली शिवाजी सावंतांची ही कादंबरी अजून रात्री जागवते. तिच्यात कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आळीपाळीने स्वतःच्या तोंडाने कथा सांगतात. एकाचं ऐकून झालं, की तीच घटना दुसऱ्याला कशी दिसली असेल याची हुरहुर लागते. म्हणजे माणूस ‘पुढे काय’ यासाठी जागतो तसाच ‘याला काय वाटलं असेल’ यासाठीही जागतो. अमरावती जिल्ह्याचेच उद्धव शेळके यांच्या १९६० सालच्या ‘धग’मध्ये ना खून आहे ना युद्ध. कौतिकचा संसार, नवऱ्याचं दुखणं, पोरांची पोटं, एवढाच ऐवज; आणि तोही अस्सल वऱ्हाडी बोलीत. पण कौतिकची काळजी एकदा लागली, की पुस्तक खाली ठेवणं म्हणजे तिला अर्ध्या वाटेवर सोडून येण्यासारखं वाटतं.

गोष्टीत असं ओढलं जाण्याला मानसशास्त्रात ‘ट्रान्सपोर्टेशन’ म्हणतात. मेलनी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांनी २००० साली ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. गोष्टीत जास्त बुडालेल्या वाचकांना तिच्यातल्या खटकणाऱ्या जागा कमी दिसल्या आणि त्यांची मतं गोष्टीच्या बाजूला जास्त झुकली. घड्याळाची टिकटिक, पोटातली भूक, मानेची कळ या सगळ्यांवरचं लक्ष अशा वेळी उठतं. वाचताना पापण्यांची उघडझापही मंदावते : स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सतरा वेळा पापणी मिटतो, वाचणारा चार-पाच वेळा. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं ते यामुळे. मंद उजेडात वाचल्याने मोठ्या माणसाचे डोळे कायमचे बिघडतात ही मात्र समजूतच. डोळे थकतात, दुसऱ्या दिवशी ठीक होतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या व्हिक्टर नेल या मानसशास्त्रज्ञाने अट्टल वाचकांना प्रयोगशाळेत बसवून, अंगाला तारा लावून त्यांच्या आवडीची पुस्तकं वाचायला दिली. १९८८च्या ‘लॉस्ट इन अ बुक’ या ग्रंथात त्याने ते सारं मांडलं आहे. बाहेरून निवांत दिसणारा वाचक आतून मुळीच निवांत नव्हता. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसापेक्षा त्याचं शरीर जास्त उत्तेजित होतं आणि पुस्तक मिटल्यावर ती उत्तेजना झपाट्याने उतरली. दुसरी गंमत म्हणजे सर्वांत आवडलेली पानं हे वाचक भरभर नव्हे, तर हळू वाचत होते. आंब्याची शेवटची फोड पुरवून खावी तसं.

आता रात्रीचा हिशेब. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडिनोसिनची जागा अडवतं, म्हणून तेवढ्यापुरती तरतरी येते. साचलेलं ॲडिनोसिन कुठे जात नाही. रंगलेली गोष्टही जागं ठेवणाऱ्या यंत्रणेला टोचत राहते, त्यामुळे दाब जाणवत नाही, इतकंच. १९९७ साली ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी दाखवलं, की सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके चुकतात. चोवीस तासांनी ते ०.१० टक्क्याच्या घरात जातात. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहालाच सतरा तास जागा असतो. रात्रभर कादंबरी वाचून सकाळी बडनेरा रोडने मोटारसायकल हाकणाऱ्याला कुठला वाहतूक पोलीस फुंकर मारायला लावणार?

याचा अर्थ झोपण्याआधी वाचू नये असा मात्र होत नाही. आयर्लंडमधल्या एका चाचणीत ९९१ लोकांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाने आठवडाभर अंथरुणात पडून पंधरा ते तीस मिनिटं पुस्तक वाचायचं, दुसऱ्याने वाचायचं नाही. वाचणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांनी झोप सुधारल्याचं सांगितलं, न वाचणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांनी. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झोप कशी होती हे लोकांनी स्वतःच सांगितलं होतं, त्यामुळे फार ताणू नये. पण पंधरा-तीस मिनिटं हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कागदी पुस्तक आणि उजळ पडदा यांतही फरक पडतो. अमेरिकेत बारा तरुणांना पाच रात्री उजेड टाकणाऱ्या ई-रीडरवर आणि पाच रात्री छापील पुस्तकावर वाचायला लावलं. ई-रीडरच्या रात्री त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली आणि झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन निम्म्याहून अधिक दबलं. मोबाइलवर याच्या भरीला आणखी एक गोष्ट असते : तो संपत नाही. ‘मृत्युंजय’ कितीही जाड असलं तरी त्याला शेवटचं पान आहे.

धडधाकट माणसाने वर्षातून चार-दोन रात्री पुस्तकापायी घालवल्या तर फारसं बिघडत नाही. पुढच्या एक-दोन रात्री नीट झोप घेतली, की गाडी रुळावर येते. उलट वाचणारे लोक जास्त जगतात असंही एका अभ्यासात दिसलं आहे. पन्नाशी ओलांडलेल्या ३,६३५ अमेरिकनांचा बारा वर्षं मागोवा घेतला तेव्हा पुस्तकं वाचणाऱ्यांत मृत्यूचा धोका २० टक्क्यांनी कमी आढळला. शिक्षण, पैसा, तब्येत यांचा हिशेब केला तरी हा फरक उरला. वाचनानेच आयुष्य वाढतं हे यातून सिद्ध होत नाही. आजारी माणूस आधीच कमी वाचतो. पण वाचनाविरुद्ध काही सापडलं नाही, हे खरं.

काही माणसांना मात्र एक रात्रही परवडत नाही. बायपोलर आजार असलेल्यांत झोप तुटली की उन्मादाचा झटका सुरू होऊ शकतो. आणि दुसरा मोठा गट म्हणजे या मुलासारखे.

त्याच्या वॉर्डात डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या आधी एक साधा प्रश्न विचारला : “सकाळी उठल्यावर हाताला झटके बसतात का रे? दात घासताना ब्रश उडतो, चहा सांडतो, असं याआधी कधी झालं?” मुलगा गप्प राहिला. वडील बाहेर गेल्यावर म्हणाला, “हाव. अकरावीपासून होते. मी समजलो कमजोरी आहे.”

हाच तो धागा. जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी असं या आजाराचं नाव. मिरगीच्या सगळ्या रुग्णांत साधारण ५ ते १० टक्के या प्रकारचे. बहुतेकांना तो बारा ते अठरा या वयात सुरू होतो. झोपेतून उठल्यावर अर्ध्या-एक तासात खांदे आणि हात दचकल्यासारखे उडतात. शुद्ध हरपत नाही, म्हणून कुणी आजार समजत नाही. घरचे म्हणतात धसमुसळा आहे, शाळेत म्हणतात घाबरट आहे. मग एखाद्या जागरणाच्या सकाळी मोठी फिट येते. डिटर यान्झ या जर्मन डॉक्टरांनी १९५७ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. पहाट, जागरण आणि दारू यांच्याशी त्याचं नातं तेव्हापासून माहीत आहे. काहींना लखलखणारे दिवेही भोवतात. मेंदूचा एमआरआय बहुधा नॉर्मल येतो. ईईजीमध्ये मात्र खूण सापडते, आणि ती नीट दिसावी म्हणून डॉक्टर मुद्दाम रुग्णाला रात्री जागवून सकाळी ईईजी काढतात. जागरणाने मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या पेशी जास्त चिडखोर होतात, एकदम पेट घेतात. झोपेतून जागं होण्याचा क्षण त्यातल्या त्यात नाजूक. साडेचारला झोपून सहाला उठणं म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र.

वाचनानेच फिट येणारी माणसंही जगात आहेत. पण ती अगदी क्वचित. १९५६ साली बिकफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला ‘रीडिंग एपिलेप्सी’ असं नाव दिलं. बराच वेळ वाचल्यावर जबडा लटकतो, टकटक उडतो. तरीही वाचत राहिलं तर मोठी फिट येऊ शकते. या मुलाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. आईला तेवढं सांगितल्यावर तिच्या जिवात जीव आला. वडिलांनी मात्र तोवर खोलीवर निरोप पाठवला होता : ते पुस्तक ज्याचं त्याला देऊन टाका.

मुलाने तीन वर्षं झटके का लपवले, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्याला माहीत होतं, भरतीच्या मेडिकलमध्ये मिरगीवाला बसत नाही. वर्दीच्या नोकऱ्यांत हा आजार साधारणपणे अपात्र ठरवतो, आणि त्यामागे कारण आहे : रात्रपाळी चुकत नाही, हातात शस्त्र असतं, गाडी चालवावी लागते. वाहनपरवान्याच्या अर्जातही मिरगीबद्दल स्पष्ट प्रश्न असतो. डॉक्टरांनी हे गोड करून सांगितलं नाही. दोन वर्षं मैदानात घाम गाळलेल्या पोराला ते ऐकणं किती जड गेलं असेल, हे सांगायला नको. त्या दिवशी तो जेवला नाही. आईने मात्र एकच विचारलं, “जीव तं धोक्यात नाई नं?”

आजाराची चांगली बाजू अशी, की योग्य गोळीने बहुतेकांच्या फिट पूर्ण थांबतात. पण गोळी योग्यच हवी. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही मिरगीची नेहमीची औषधं या प्रकारात झटके वाढवू शकतात; शेजाऱ्याच्या गोळ्या खाऊन पाहणारे इथेच फसतात. मुलांमध्ये व्हॅल्प्रोएट चांगलं काम करतं. मुलींमध्ये ते शक्यतो टाळतात, कारण गर्भावर त्याचा गंभीर परिणाम होतो; तिथे लेव्हेटिरॅसिटॅमसारखं दुसरं औषध निवडतात. दोन वर्षं फिट आली नाही म्हणून आपल्या मनाने गोळी बंद केली, की या आजारात ती बहुधा परत येते. लग्न ठरताना गोळ्या लपवायच्या म्हणून बंद केल्या आणि हळदीच्या जागरणानंतर सकाळी फिट आली, अशा मुली दरवर्षी वॉर्डात येतात. त्यांच्या आयांना दोष द्यावा की आजूबाजूच्यांना?

खोलीतल्या जोडीदाराने त्या सकाळी घाबरून मुलाच्या नाकाला चप्पल लावली होती आणि दातांत चमचा घालायचा प्रयत्न केला होता. चपलेने किंवा कांद्याने फिट थांबत नाही. ती आपल्या वेळेने थांबते, म्हणून हुंगवणाऱ्याला वाटतं आपण थांबवली. चमच्याने दात तुटतात. माणसाला एका कुशीवर वळवावं, डोक्याखाली मऊ काही ठेवावं, आसपासच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, घड्याळ पाहावं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी सुरू झाली, तर तडक दवाखाना.

मग पुस्तकांचं काय? मुलाने सुट्टीच्या दिवशी, थोडं लाजत, हे विचारलंच. डॉक्टरांनी वाचन बंद करायला सांगितलं नाही. रात्रीची गोळी साडेनऊला, आणि गोळी घेतली की पुस्तक मिटायचं, असा साधा नेम लावून दिला. जाडजूड, ओढून नेणारी कादंबरी दिवसा वाचायची. रात्री वाचायचंच असेल तर जिथे प्रत्येक लेख आपापल्या पानांत संपतो असं काही घ्यावं, पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ त्यासाठी सोयीचं. किंवा आधी वाचलेलं पुस्तक, ज्याचा शेवट माहीत आहे. आणखी एक युक्ती कुणालाही चालेल : प्रकरणाच्या शेवटी थांबायचा हट्ट सोडावा. गळ तिथेच टाकलेला असतो. मधल्याच एखाद्या पानावर, जिथे दोघं नुसते बोलत बसलेले आहेत किंवा रथ वाटेने चाललेला आहे, तिथे खूण ठेवून मिटावं. तिथून सुटणं सोपं जातं.

तीन महिन्यांनी तो तपासणीला आला तेव्हा मोठी फिट एकही आली नव्हती. तलाठी आणि लिपिक पदांच्या परीक्षांची पुस्तकं पिशवीत होती. हाताचे झटके दोनदा आले होते आणि दोन्ही तारखा त्याने वहीत लिहून आणल्या होत्या. एक, क्रिकेटची मॅच मोबाइलवर उशिरापर्यंत पाहिली त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसरी, पुण्याला परीक्षेसाठी ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून गेला त्या सकाळी. डॉक्टरांनी वहीवर नजर टाकली, पुढच्या परीक्षेला एक दिवस आधी जाऊन मुक्काम करायला सांगितलं आणि ‘मृत्युंजय’ संपलं का, ते विचारलं. चाळीसेक पानं उरली होती. वडिलांनी पुस्तक परत पाठवल्यावर त्याने मित्राकडून ते पुन्हा मागून आणलं होतं, आणि आता रविवारी दुपारी वाचत होता.